कसोटीचे गुण आणि त्यांचा अर्थ : शैक्षणिक व मानसशास्त्रीय कसोट्यांची सप्रमाणता

प्रस्तावना

भाषिक कौशल्यांचे मापन कसे केले जाते याचा परिचय आपण मागील घटकात करून घेतला. प्रस्तुत घटकात त्यापुढच्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. मापनातून जो अंक हाती येतो, त्यावरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही?

मराठीच्या अभ्यासक्रमात मानसशास्त्रीय कसोट्यांचा विचार कशासाठी, अशी शंका आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. बहुसंख्य कसोट्यांमधील सूचना भाषेतून दिल्या जातात, प्रश्न भाषेतून विचारले जातात आणि उत्तरेही भाषेतूनच येतात. बुद्धी, स्मरण, अध्ययनक्षमता अशा ज्या गोष्टींचे मापन करण्याचा हेतू असतो, त्यांच्यापर्यंत पोचण्याची वाट भाषेतून जाते. त्या वाटेवरच काही अडले, तर अडथळा वाटेतला आहे की मुलाच्या बुद्धीतला, हे अंक पाहून कळत नाही. ते ओळखण्यासाठी भाषेचे ज्ञान लागते. आपल्यापैकी कोणी शिक्षक आहेत, कोणी अंगणवाडीत काम करतात, बरेचजण पालक आहेत. एखाद्या मुलाचा चाचणी-अहवाल आपल्या हाती येण्याचा प्रसंग दूरचा नाही, आणि त्या अहवालावरून मुलाचा वर्ग, सवलत किंवा प्रमाणपत्र ठरत असते.

विश्वसनीयता आणि सप्रमाणता

या दोन संज्ञांमध्ये विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ होतो, म्हणून एक परिचित उदाहरण घेऊ. गावातील दूध संकलन केंद्रावर लॅक्टोमीटर वापरला जातो. हे साधन दुधाची घनता दाखवते. दुधात पाणी घातले की घनता कमी होते आणि नळी अधिक खोल बुडते. त्याच दुधात ती पुनःपुन्हा बुडवली तरी आकडा तोच येतो. मापनातील या सातत्याला विश्वसनीयता म्हणतात.

आता असे समजा की कोणी दुधावरची साय काढून घेतली. स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे साय काढलेल्या दुधाची घनता वाढते. मग त्यात बेताने पाणी घातले की वाढलेली घनता पुन्हा मूळ जागी येते. लॅक्टोमीटरचा आकडा निर्दोष दुधाचा! साधन बिघडलेले नाही. घनतेचे मापन अचूकच झाले आहे. चुकला आहे तो ‘आकडा योग्य आहे, म्हणून दूध शुद्ध आहे’ हा आपला निष्कर्ष. म्हणूनच डेअरीत स्निग्धांश वेगळा मोजतात.

सप्रमाणतेचा संबंध या निष्कर्षाशी आहे. ‘ही कसोटी सप्रमाण आहे’ असे विधान आपण सर्रास करतो, पुस्तकांतूनही ते आढळते. काटेकोरपणे पाहता ते अपुरे आहे. विशिष्ट गटातील व्यक्तींच्या गुणांवरून, विशिष्ट हेतूसाठी काढलेला विशिष्ट निष्कर्ष कितपत पुराव्यावर आधारलेला आहे, एवढेच सांगता येते. अमेरिकेतील शैक्षणिक संशोधन, मानसशास्त्र आणि शैक्षणिक मापन या क्षेत्रांतील तीन संघटना कसोट्यांसाठी संयुक्त मानके प्रसिद्ध करतात. त्यांच्या १९९९ आणि २०१४ च्या आवृत्त्यांत सप्रमाणतेची व्याख्या याच धर्तीवर केलेली आहे. एकच कसोटी एका कामासाठी योग्य आणि दुसऱ्या कामासाठी अयोग्य असू शकते, हे त्यातून ओघाने येते.

हेतू बदलला की काय होते

याचे सर्वांत बोलके उदाहरण बुद्धिमापनाच्या इतिहासातच सापडते. १९०४ साली फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाने एक आयोग नेमला. सामान्य वर्गात मागे पडणाऱ्या आणि विशेष अध्यापनाची गरज असलेल्या मुलांना ओळखावे कसे, हा त्यापुढील प्रश्न होता. या कामासाठी आल्फ्रेड बिने यांनी थिओडोर सिमाँ यांच्या सहकार्याने १९०५ साली सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या ३० कृतींची मालिका तयार केली. मुलाला मदत कोठे हवी आहे हे शोधणे, एवढाच तिचा हेतू होता. बुद्धी ही जन्मतः ठरलेली आणि न वाढणारी वस्तू आहे, या समजाला बिने यांचा स्पष्ट विरोध होता. १९११ साली त्यांचे निधन झाले.

ही कसोटी अमेरिकेत पोचली आणि तिचा हेतू पालटला. १९१६ साली लुईस टर्मन यांनी तिची स्टॅनफर्ड आवृत्ती काढली आणि बुद्धिगुणांक हा शब्द घरोघरी गेला. दुसऱ्याच वर्षी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. रॉबर्ट यर्किस यांच्या नेतृत्वाखाली सैन्यभरतीसाठी दोन सामूहिक कसोट्या तयार झाल्या. इंग्रजी वाचता येणाऱ्यांसाठी ‘आल्फा’ आणि इतरांसाठी ‘बीटा’. १७ लाखांहून अधिक जवानांना या कसोट्या देण्यात आल्या.

आल्फामधील काही प्रश्न आज वाचताना हसू येते. क्रिस्को हे औषध आहे, जंतुनाशक आहे, दंतमंजन आहे की खाद्यपदार्थ? क्रिस्टी मॅथ्यूसन कशासाठी प्रसिद्ध आहे? क्रिस्को हे अमेरिकन बाजारातील वनस्पती-तुपाचे नाव. मॅथ्यूसन हा बेसबॉलचा खेळाडू. दोन वर्षांपूर्वी इटलीतील खेड्यातून बोटीने आलेल्या तरुणाला हे ठाऊक नसेल, तर त्याच्या बुद्धीविषयी काय सिद्ध होते? बीटा कसोटी भाषाविरहित म्हणून पुढे केली गेली. तिच्यातील सूचना हावभावांनी व प्रात्यक्षिकाने देत असत. पण चित्रातील उणी वस्तू ओळखायची कोणती, तर टेनिसच्या मैदानावरील जाळी, विजेच्या दिव्यातील तार! शिवाय उत्तर पेन्सिलीने नोंदवायचे, आणि जन्मात प्रथमच पेन्सिल हाती धरणारेही त्या रांगेत बसलेले होते. शब्द वगळले म्हणून संस्कृती वगळली जात नाही, हे आपण येथे लक्षात घ्यावे.

या प्रचंड सामग्रीचा अभ्यास करून कार्ल ब्रिगम यांनी १९२३ साली अमेरिकन बुद्धिमत्तेवर पुस्तक लिहिले. त्यातील एक निरीक्षण फार महत्त्वाचे आहे. परदेशात जन्मलेल्या जवानांचे गट त्यांनी अमेरिकेतील वास्तव्याच्या वर्षांनुसार पाडले, तेव्हा वास्तव्य जितके अधिक तितके सरासरी गुण अधिक, असे दिसले. २० वर्षांहून अधिक काळ राहिलेल्यांचे गुण तेथेच जन्मलेल्यांच्या जवळपास पोचत होते. भाषेच्या कोणत्याही विद्यार्थ्याला हा आलेख पाहताच उलगडा व्हावा : माणूस देशात जितका रुळतो तितकी त्याला भाषा येते, बाजारातील वस्तूंची व खेळाडूंची नावे कळतात, आणि कसोटी नेमके तेच मोजत आहे. ब्रिगम यांनी मात्र वेगळा अर्थ लावला. पूर्वी येणारे स्थलांतरित वंशाने सरस होते आणि अलीकडे येणारे निकृष्ट आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. स्थलांतरावर कठोर मर्यादा घालणारा कायदा १९२४ साली झाला. त्या कायद्यामागे या कसोट्यांचा वाटा किती, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु ज्या काळात तो झाला, त्या काळात हे निष्कर्ष शास्त्र म्हणून मिरवत होते, एवढे खरे.

१९३० साली खुद्द ब्रिगम यांनीच लेख लिहून माघार घेतली. ज्यांच्या घरी दुसरी भाषा बोलली जाते अशा गटांची इंग्रजीतील कसोट्यांवरून तुलना करता येत नाही आणि आपला पूर्वीचा अभ्यास निराधार होता, असे त्यांनी निःसंदिग्धपणे मान्य केले. आपली चूक अशा स्पष्ट शब्दांत कबूल करणारे विद्वान विरळाच. मात्र तोवर सात वर्षे उलटली होती.

पुराव्याचे प्रकार

परीक्षेच्या दृष्टीने काही संज्ञा येथे नोंदवून ठेवाव्यात. अभ्यासक्रमातील आशयाचे योग्य प्रतिनिधित्व कसोटीत झाले आहे का, हे पाहणे म्हणजे आशय सप्रमाणता. कसोटीतील गुणांचा एखाद्या बाह्य निकषाशी, उदाहरणार्थ पुढील वर्षीच्या यशाशी, किती संबंध आहे हे तपासणे म्हणजे निकष सप्रमाणता. ‘बुद्धी’, ‘चिंता’, ‘वाचनक्षमता’ यांसारखी प्रत्यक्ष न दिसणारी जी संकल्पना आपण मोजतो असे म्हणतो, तीच खरोखर मोजली जात आहे का, याचा शोध म्हणजे संरचना सप्रमाणता. ही शेवटची संज्ञा क्रॉनबाक आणि मील यांच्या १९५५ च्या लेखाने रूढ केली आणि पुढे इतर प्रकार तिच्याच पोटात घेण्याकडे अभ्यासकांचा कल झाला. कसोटी वरवर पाहता योग्य वाटणे, म्हणजे दर्शनी सप्रमाणता, हा पुरावा नव्हे.

जाता जाता आपल्याच परीक्षेकडे पाहा. तीन तासांत चार दीर्घोत्तरी प्रश्न लिहायचे. दिवसभर नोकरी करून, वर्षानुवर्षांनी हाती लेखणी धरणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याच्या त्या गुणांत कवितेची जाण किती आणि लेखनाचा वेग किती? प्रश्नपत्रिका काढणारे आम्ही अध्यापक या प्रश्नाचा पुरेसा विचार करतो असे मला वाटत नाही.

कसोटीत लपलेली भाषा

जी गोष्ट मोजण्याचा हेतू नाही, ती गुणांत शिरली की सप्रमाणता कमी होते. भाषा या वाटेने फार गुपचूप शिरते. बुद्धिमापनातील एक साधी कृती पाहा : परीक्षक काही अंक म्हणतो आणि ते त्याच क्रमाने परत म्हणावयाचे. किती अंकांपर्यंत जमते, यावरून तात्कालिक स्मरण मोजले जाते. अंक सर्वांना सारखेच. यात भाषेचा काय संबंध? १९८० साली एलिस आणि हेनेली यांनी वेल्श व इंग्रजी या दोन्ही भाषा येणाऱ्या व्यक्तींचा अभ्यास केला. वेल्शमधील अंकांची नावे उच्चारण्यास इंग्रजीपेक्षा अधिक वेळ लागतो. त्याच व्यक्तीला वेल्शमध्ये कमी अंक लक्षात राहत, इंग्रजीत अधिक. मनातल्या मनात अंक घोकण्यास अटकाव केला की हा फरक नाहीसा होई. म्हणजे जी उणीव स्मरणशक्तीची वाटत होती, ती अंकनामांच्या लांबीची होती. इंग्रजीभाषक मुलांवरून ठरवलेल्या प्रमाणकांशी वेल्श मुलांची तुलना केली, तर ती मुले विनाकारण मंदस्मृती ठरणार.

आता आपल्या भाषेकडे येऊ. मराठी संख्यानामांत एकक आधी येतो आणि दशक नंतर : ‘सत्तावन्न’ यात सात आधी ऐकू येतात, लिहिताना मात्र पाच आधी लिहायचे. ‘एकोणसाठ’ ऐकताना कानावर साठ पडते, लिहायचे असतात पन्नास आणि नऊ. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास सात’ अशी वाचनाची रीत दिली गेली, तेव्हा महाराष्ट्रात मोठे वादंग माजले. त्या वादात कोणती बाजू बरोबर, हा आपला विषय नाही. आपला मुद्दा एवढाच की तोंडी गणिताच्या चाचणीत ५७ ऐवजी ७५ लिहिणाऱ्या मुलाची अडचण गणिताची आहे की संख्यानामांची, हे परीक्षकाने वेगळे करून पाहिले पाहिजे. हीच संख्या अंकांत लिहून दाखवली आणि मुलाने बेरीज बिनचूक केली, तर उत्तर मिळाले.

अध्ययन अक्षमतेच्या चाचण्यांत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश दिव्यांगत्वाच्या प्रकारांत केला आहे. त्यामुळे चाचणीच्या निष्कर्षाला कायदेशीर वजन आले आहे. वाचनदोषाविषयीचे पुष्कळ संशोधन इंग्रजीत झाले आहे, आणि इंग्रजीत लेखन व उच्चार यांची फारकत मोठी आहे. जर्मन, इटालियन यांसारख्या भाषांत हा संबंध नियमित असतो आणि तेथे वाचनदोष चुकांपेक्षा वाचनाच्या संथपणातून अधिक प्रकट होतो, असे आढळले आहे. देवनागरीही उच्चारानुसारी आहे, मात्र तिच्यात चिन्हे आणि जोडाक्षरे पुष्कळ. इंग्रजी चाचणीचे भाषांतर करून आणि चुका मोजून मराठी मुलाचे निदान होईल, ही अपेक्षा म्हणूनच धोक्याची आहे.

लेखनातील चुकांचेही तसेच. एका मुलाने ‘पाणी’ऐवजी ‘पानी’, ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ आणि ‘कवी’ऐवजी ‘कवि’ लिहिले अशी कल्पना करा. परीक्षकाच्या कागदावर तीन चुका. पण या तिन्हींची जात वेगळी आहे. मराठीच्या अनेक बोलींत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. मुलाने ऐकले ते बिनचूक लिहिले! ध्वनी ओळखून त्याला योग्य चिन्ह जोडण्याची त्याची क्षमता शाबूत असल्याचाच हा पुरावा आहे. तिसरी चूक लेखननियमाची. इकार-उकारांचे ऱ्हस्वदीर्घत्व मराठी उच्चारात बहुधा अर्थभेदक नसते. ‘दिन’ आणि ‘दीन’ अशा मोजक्या जोड्या सोडल्या तर ते अक्षराच्या स्थानावर अवलंबून असते. तत्सम शब्दांतील अंत्य इकार दीर्घ लिहावा, हा संकेत शिकवल्याशिवाय येत नाही, आणि तो मोठमोठ्या लेखकांनाही चकवतो. या चुकांवरून अक्षमतेचे निदान करणे म्हणजे बोलीला आजार ठरवणे होय. याउलट ‘मगर’ऐवजी ‘गरम’, ‘पत्र’ऐवजी ‘पर’, ‘शाळा’ऐवजी ‘शा’, असे अक्षरक्रमाचे उलटापालट व लोप प्रमाण भाषा बोलणाऱ्या मुलाच्या लेखनात पुनःपुन्हा आढळत असतील, तर त्यांची तपासणी तातडीने व्हावयास हवी.

ज्या मुलाची घरची भाषा कोरकू, गोंडी किंवा पावरी आहे, त्याच्याबाबतीत प्रश्न बोलीचा राहत नाही, संपूर्ण भाषेचा होतो. अशा प्रसंगी काय घडू शकते, हे कॅलिफोर्नियातील ‘डायना विरुद्ध राज्य शिक्षण मंडळ’ या १९७० च्या खटल्यातून दिसते. स्पॅनिशभाषक घरांतील नऊ मुलांना इंग्रजीतील बुद्धिमापनावरून मतिमंदांच्या वर्गात घालण्यात आले होते. दोन्ही भाषा जाणणाऱ्या परीक्षकाने त्यांना स्पॅनिशमध्येही उत्तरे देऊ दिली, तेव्हा बहुतेक मुले त्या मर्यादेच्या वर निघाली. मुलांचे परीक्षण त्यांच्या घरच्या भाषेतही झाले पाहिजे, हे या खटल्यातील तडजोडीने मान्य केले.

भारतीय प्रयत्न आणि प्रमाणके

आपल्याकडे या अडचणीची जाणीव लवकर झाली होती. धारवाड येथे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या पद्धतीच्या कसोटीचे कानडी आणि मराठी मुलांसाठी रूपांतर केले. भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचे पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. सी. एम. भाटिया यांनी ठोकळे, आकृत्या इत्यादींचा उपयोग करणारी कृतिकसोटी तयार केली (१९५५) आणि तिच्यातील स्मरणाच्या भागात निरक्षरांसाठी स्वतंत्र व्यवस्था ठेवली. निरक्षर माणूस म्हणजे अबुद्ध माणूस नव्हे, हे गृहीत धरून केलेली ही रचना आहे.

परंतु कोणत्याही कसोटीची प्रमाणके काळाबरोबर शिळी होतात. अमेरिकेत बुद्धिकसोट्यांवरील गुण दर दशकाला सुमारे तीनने वाढत गेल्याचे जेम्स फ्लिन यांनी १९८४ साली दाखवले. त्यामुळे जुन्या प्रमाणकांशी आजच्या मुलाची तुलना केली, तर त्याचा बुद्धिगुणांक असायला हवा त्यापेक्षा जास्त येऊ शकतो. पालकांना आनंद होतो. पण ज्या मुलाला खरोखर मदतीची गरज आहे, ते मर्यादेच्या वर गेल्यामुळे मदतीला मुकते. म्हणून अहवालात कसोटीच्या नावाबरोबर प्रमाणके कोणत्या वर्षीची व कोणत्या गटावरील आहेत, हे नमूद असणे आवश्यक आहे.

एकच अंक पाहून निर्णय घेण्यातील धोका थोड्या आकडेमोडीने स्पष्ट होईल. कसोटीचे प्रमाण विचलन १५ आणि विश्वसनीयता गुणांक ०.९१ असेल, तर मापनाची प्रमाण त्रुटी काढण्यासाठी १ मधून ०.९१ वजा करावे, उरलेल्या ०.०९ चे वर्गमूळ ०.३ घ्यावे आणि त्याला १५ ने गुणावे. उत्तर ४.५ येते. ०.९१ ही विश्वसनीयता उत्तम समजली जाते. तरीही बुद्धिगुणांक ७० आलेल्या मुलाबाबत ९५ टक्के खात्रीने बोलायचे, तर ६१ ते ७९ एवढा पट्टा सांगावा लागतो. ६९ आणि ७१ या दोन मुलांत फरक आहे असे मग कोणत्या आधारावर म्हणायचे? बौद्धिक अक्षमतेच्या निदानात बुद्धिगुणांकाबरोबर दैनंदिन जीवनातील समायोजनही पाहावे, असा दंडक आहे तो याच कारणास्तव. मूल दुकानातून सामान आणते का, सुटे पैसे मोजून घेते का, धाकट्या भावंडाला सांभाळते का, हे प्रश्न कागदावर किरकोळ दिसतात. अहवाल देणाऱ्या तज्ज्ञाला ते आपण विचारावेत, आणि मुलाशी कोणत्या भाषेत बोलून हा अंक मिळाला, हेही विचारावे. सुजाण तज्ज्ञ अशा प्रश्नांनी रागावत नाही.

स्वाध्याय

१. आपल्या परिसरातील प्राथमिक शाळेतल्या एखाद्या मुलाच्या मराठी शुद्धलेखनाच्या वहीची दोन पाने शिक्षकांच्या व पालकांच्या अनुमतीने पाहा. आढळलेल्या चुकांपैकी बोलीमुळे झालेल्या, लेखननियमांच्या अज्ञानामुळे झालेल्या आणि अन्य चुका वेगळ्या करा. आपल्या वर्गीकरणाची कारणे सुमारे ३०० शब्दांत लिहा. मुलाचे नाव लिहू नये.

२. ब्रिगम यांच्या वास्तव्यकाळाविषयीच्या निरीक्षणाचे दोन परस्परविरोधी अर्थ कोणते? त्यांपैकी कोणता ग्राह्य, हे ठरवण्यासाठी आपण आणखी कोणती माहिती गोळा केली असती?